गुडघ्याचं माप

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला घरी जाताना मी बॅगेत फोमचा एक तुकडा घेऊन गेले. काळा, विटेएवढा. वजन साठ ग्रॅमसुद्धा नसेल. अण्णांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि अंगठ्यानं जोरात दाबून पाहिला. दाबला तिथं खळगा पडला. अंगठा काढल्यावर हळूहळू भरून आला.

"थर्माकोल हाय व्हय?"

"त्याच्याच जातीतला, पण चिवट. ईपीपी म्हणतात. बंपरच्या आत बसवतात."

"आन् ह्यो काय करतो?"

"पाय वाचवतो."

"कुनाचा?"

आत आई चकल्या पाडत होती, तिनंही मान वर केली. उत्तर एका शब्दाचं होतं. पण अण्णांसमोर तो शब्द उच्चारायला मला दहा वर्षं लागली आहेत, आणि त्या दिवशीही मी तो लगेच उच्चारला नाही.

अण्णांनी तीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंगचं दुकान चालवलं. ग्रिल, गेट, ट्रॉलीचे हूक अशी कामं असायचीच, पण दुकानाचं नाव झालं ते गार्डमुळे. जीपच्या नाकासमोर लावतात तो पोलादी पाइपांचा गार्ड. वडापच्या, म्हणजे सीटवर प्रवासी नेणाऱ्या जीपा, ठेकेदारांच्या गाड्या, पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या, सगळ्या आमच्या दारात उभ्या असत. दोन इंची पाइपात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकायच्या, गॅसच्या ज्योतीवर पाइप लाल करायचा आणि मग वाकवायचा. वाळू नसेल तर पाइप वळणावर चपटा होतो. पुढं बेंडिंग मशीन आलं तरी अवघड वळण असलं की अण्णा वाळूच भरायचे. गार्डच्या उभ्या पट्ट्या त्यांनी कधी बंपरला धरल्या नाहीत, थेट चेसिसला बोल्टांनी आवळायचे. "बंपरला धरलेला गार्ड म्हंजे नुसती शोभा," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवायचे. त्यांचा गार्ड शोभेचा नव्हता. तो खरोखर भक्कम होता, आणि मला लहानपणी त्याचा अभिमान होता.

मी अकरा वर्षांची असताना गगनबावडा रस्त्यावरची एक वडापची जीप दुकानात आली. एका बाजूचा दिवा फुटला होता, एवढंच काम. कळे गावाच्या अलीकडं पहाटे दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडणारा एक माणूस आडवा आला होता. ड्रायव्हर म्हणाला, "पायाला लागलंय, सिव्हिलला न्हेलंय. पन गाडीला कायबी न्हाई बगा. गार्ड हुता म्हनून वाचलो." अण्णांनी रॉकेलमध्ये भिजवलेला फडका घेऊन गार्ड पुसला. खरंच, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. ड्रायव्हरनं खुशीत दिव्याच्या पैशांवर दहा रुपये जास्त दिले. त्या माणसाचं नाव आम्हाला कुणालाच कळलं नाही. अण्णांनी विचारलं नाही. विचारायचं असतं हे मला तेव्हा सुचलं नाही.

आज मी जे काम करते ते त्या सकाळमुळे करते, असं सांगितलं तर गोष्ट छान जुळेल, पण ते खोटं होईल. मेकॅनिकल केलं, पुण्यात नोकरी लागली, कंपनीनं ज्या गटात बसवलं तिथं बसले. तो गट निघाला पादचारी सुरक्षेचा. गाडीची धडक एखाद्या चालत्या माणसाला बसली तर त्याच्या पायाचं आणि डोक्याचं काय होईल हे कॉम्प्युटरवर पाहायचं, आणि गाडीचं नाक त्याप्रमाणं बदलायला लावायचं. पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी वाचायला दिलेल्या कागदांत एक शब्द सापडला आणि मी बराच वेळ पुढं वाचू शकले नाही.

बंपर फ्रॅक्चर.

हाडांच्या डॉक्टरांचा हा नेहमीच्या वापरातला शब्द आहे. १९२९ साली अमेरिकेतल्या कॉटन आणि बर्ग या दोन डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात एका विशिष्ट मोडीवर लेख लिहिला आणि तिला 'फेंडर फ्रॅक्चर' म्हटलं; बंपर फ्रॅक्चर हे तिचंच दुसरं नाव. माणूस रस्ता ओलांडत असतो, म्हणजे गाडीकडे त्याची बाजू असते. पाय जमिनीवर रोवलेला, अंगाचा भार त्यावर. बंपर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला लागतो आणि गुडघा ज्या दिशेला कधीच वाकत नाही त्या दिशेला, आतल्या बाजूला, ढकलला जातो. मांडीच्या हाडाचं गोल टोक नडगीच्या सपाट माथ्यावर मुसळासारखं आदळतं आणि तो माथा खचतो किंवा दुभंगतो. आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणून तुटतो. हा सांध्यातलाच भाग असल्यामुळे हाड जुळलं तरी गुडघा पूर्वीसारखा होईल याची खात्री नसते. पुढं मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, शेतातल्या बांधावरून उतरणं या सगळ्यावर त्याची सावली पडते.

मोटारीच्या एका सुट्या भागाचं नाव माणसाच्या मोडलेल्या हाडाला मिळालं, तेही १९२९ मध्ये. म्हणजे मोटार रस्त्यावर रुळल्यावर थोड्याच वर्षांत डॉक्टरांना दिसलं होतं की हे हाड कोण मोडतंय. बंपर बनवणाऱ्यांना ते दिसायला पुढची साठ-सत्तर वर्षं गेली. याचा मला अजूनही राग येतो.

बंपर मुळात आला तो गाडीला जपायला. पोलादी पट्टी, वर क्रोमचा मुलामा. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी आठवा, किंवा अँबॅसडर; त्यांच्या बंपरमध्ये आम्ही मुलं तोंड पाहायचो. पुढं अमेरिकेत बंपरसाठी कायदा झाला, त्यातही विचार गाडीचाच होता. १९७३ च्या मॉडेलपासून तिथं नियम आला की ताशी ५ मैलांनी, म्हणजे साधारण ८ किलोमीटरच्या वेगानं, गाडी समोरून आदळली तरी तिचे दिवे, इंधनाची टाकी वगैरे सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. मग तिथल्या गाड्यांना ओटीवरच्या कठड्यासारखे जाडजूड, दणकट बंपर आले. १९८२ मध्ये हा वेग निम्म्यावर, अडीच मैलांवर आणला गेला. दुरुस्तीचा खर्च, विम्याचे हप्ते, गाडीचं वजन, पेट्रोल अशी वादावादी दहा वर्षं चालली. त्या वादाच्या मध्यभागी दुरुस्तीचं बिल होतं, रस्त्यावरचा पाय नव्हता.

मऊ बंपर त्याच काळात वेगळ्याच कारणांनी येऊ लागला होता. १९६८ च्या पाँटियाक जीटीओला रबरासारखा, दाबला तर पुन्हा मूळ आकारात येणारा पुढचा बंपर होता. १९७२ च्या रेनो ५ नं प्लॅस्टिकचे बंपर आणले. हेतू दिसण्याचा होता, पार्किंगमधल्या ओरखड्यांचा होता. पण त्यामुळे एक गोष्ट नकळत घडली: गाडीच्या नाकावरून पोलाद मागं सरकलं आणि कातडी व हाड यांच्यामध्ये जशी चरबी असते तशी थोडी रिकामी जागा तयार झाली. आमचं सगळं काम त्या जागेत चालतं.

ही जागा किती लागते याचा हिशोब मी अण्णांना त्या दिवशी रांगोळीच्या पाटावर खडूनं करून दाखवला. चाचणीत पायाचा एक कृत्रिम नमुना ताशी ४० किलोमीटर वेगानं उभ्या गाडीच्या बंपरवर सोडतात. ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. आंतरराष्ट्रीय नियमाच्या मूळ, २००८ च्या रूपात मर्यादा होती की नडगीला गुरुत्वाकर्षणाच्या १७० पटींपेक्षा जास्त मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, सोसावं लागता कामा नये. गणित सोडवलं की उत्तर येतं ३७ मिलिमीटर. म्हणजे पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत अगदी एकसारख्या जोरानं पाय थांबवता आला तर दीड इंच पुरतो. पण असा गुणी पदार्थ कुठं मिळत नाही. फोम सुरुवातीला सहज दबतो, मध्ये चांगलं काम करतो, आणि पाऊणएक दबून झाला की दगड होतो. शिवाय वरचं प्लॅस्टिकही मध्ये असतं. म्हणून प्रत्यक्षात ७० ते ८० मिलिमीटर हवेत. तीन इंच.

"तीनच इंच?" अण्णा म्हणाले.

तीनच इंच. पण गाडीच्या नाकात तीन इंच मागणं म्हणजे चाळीत कुणाच्या खोलीतली जागा मागण्यासारखं आहे. रेडिएटरला हवा यायला तोंड हवं. नंबर प्लेटला मागं पत्रा हवा. गाडी ओढायच्या हुकाला जाड नळी हवी, आणि ती नेमकी फोमच्या पोटात घुसते. पार्किंगचे सेन्सर, धुक्यातले दिवे, त्यांच्या तारा. डिझाइनवाल्यांना नाक आखूड हवं, कारण लांब नाकाची गाडी बेढब दिसते. आणि विम्याच्या हिशोबानं तोच बंपर पार्किंगमधल्या छोट्या धक्क्यात फुटायला नको, म्हणजे थोडा कडकही हवा. एकदा आम्ही त्या ओढायच्या हुकापाशी १२ मिलिमीटर मिळवायला दोन महिने घालवले. रोज रात्री कॉम्प्युटरवर गणित लावून घरी जायचं, सकाळी येऊन पाहायचं की नडगीचा आलेख कुठं वर उसळलाय. पन्नासएक मिलिसेकंदांची ती घटना. पापणी मिटून उघडायच्या आत तीन-चारदा संपेल. दोन महिने मी त्याच पन्नास मिलिसेकंदांत राहत होते. शेवटी हुकाची नळी मागं ढकलली आणि तिच्या तोंडाशी फोम कोरून घेतला. ज्या दिवशी आलेख रेषेच्या खाली आला त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून आईला फोन केला. तिला काही समजलं नाही, पण तिनं संध्याकाळी देवापुढं साखर ठेवली.

फोम हा अर्धाच भाग आहे. नडगीचं हाड वाचलं तरी गुडघा वाचेलच असं नाही, कारण गुडघ्याचा प्रश्न जोराचा नाही, वाकण्याचा आहे. बंपर पायाला एकाच जागी लागला तर पायाचा तेवढाच भाग पुढं जातो, बाकीचा मागं राहतो, आणि मधला सांधा बाजूला मोडतो. म्हणून बंपरच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आतल्या बाजूला एक आडवी प्लॅस्टिकची पट्टी असते. बाहेरून ती दिसतही नाही. आम्ही तिला लोअर स्टिफनर म्हणतो. वरचा फोम गुडघ्याच्या आसपास भेटतो त्याच वेळी ही पट्टी घोट्याच्या वर नडगीला भेटते आणि पायाचा खालचा भागही सोबत उचलते. सगळा पाय एकदम सरकतो, गुडघा सरळ राहतो आणि माणूस बॉनेटवर आडवा पडतो. त्याच मूळ नियमात गुडघ्याच्या बाजूला वाकण्याची मर्यादा १९ अंश होती आणि सांध्यातल्या घसरणीची ६ मिलिमीटर.

हे मी अण्णांना कसं समजावू असा विचार करत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "म्हंजे टांग."

अण्णा तरुणपणी गंगावेस तालमीत जायचे. त्यांनी उठून भिंतीला हात टेकून दाखवलं. टांग मारायची ती खाली, घोट्याच्या वर. समोरच्याचा पाय सगळाच्या सगळा उचलला गेला पाहिजे, मग गडी मातीवर पडतो, उठतो, हसतो. "गुडघ्यावर मारली तर गडी जल्माचा गेला. वस्ताद कान धरून भाईर काडायचा." मी इतकी वर्षं इंग्रजी अहवालांत जे लिहीत होते ते त्यांनी भिंतीला टेकून दोन वाक्यांत सांगितलं. पुढच्या आठवड्यात नव्या मुलांना शिकवताना मी स्टिफनरची आकृती बाजूला ठेवली आणि टांगच दाखवली.

गाडीबाहेरच्या माणसाला मोजायला जग उशिरा शिकलं. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनं १९९७ मध्ये गाड्यांना तारे द्यायला सुरुवात केली तेव्हा पादचाऱ्यासाठीचे गुण वेगळे ठेवले होते. २००९ पासून ते एकूण ताऱ्यांत मिसळले गेले, आणि तेव्हापासून कंपन्या ते गंभीरपणे घेऊ लागल्या. युरोपीय संघाचा कायदा २००३ चा. जपानमध्ये होंडानं १९९८ मध्ये पोलर नावाचा पादचाऱ्याचा पुतळाच तयार केला, आणि पुढं तिथल्याच संशोधकांनी खऱ्या हाडासारखा लवणारा, गुडघ्यात अस्थिबंधांच्या जागी तारा असलेला पायाचा नवा नमुना घडवला. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालचा जागतिक नियम नोव्हेंबर २००८ मध्ये झाला.

आपल्याकडं त्या नियमाच्या वळणाचं मानक आहे, एआयएस १००. ऑक्टोबर २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि २०२० पासून आधीच्या मॉडेलनाही ते लागू झालं. ही एआयएस मानकं पुण्यातली एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं आवार वेताळ टेकडीवर आहे, म्हणून पुणेकर त्या भागाला एआरएआय टेकडी म्हणतात. मी रविवारी तिथं फिरायला जाते. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आजी, पळणारी मुलं, कुत्र्याला घेऊन आलेली जोडपी. भारतातल्या रस्त्यावर चालणाऱ्याच्या गुडघ्याला किती वाकवलेलं चालेल हे ज्या संस्थेनं छापलं तिच्या कुंपणाकडेनं ही माणसं रोज सकाळी आपले गुडघे घेऊन चालत असतात. त्यांना हे ठाऊक नाही. मला मात्र ते दर रविवारी आठवतं, आणि त्या कुंपणापाशी आले की माझी चाल आपोआप मंदावते.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद. सगळ्यांनाच मोटारीनं उडवलं असं नाही. ट्रक आहेत, बस आहेत, दुचाक्या आहेत. आणि मऊ बंपर डोकं वाचवत नाही, ते काम बॉनेटचं आणि मुख्य म्हणजे वेगाचं. बंपरच्या हातात आहे तो पाय. पण ज्याचं पोट पायावर आहे, जो भाजीची पाटी घेऊन, दुधाची किटली घेऊन, उसाच्या फडात कोयता घेऊन उभा राहतो, त्याला पाय वाचणं म्हणजे घर वाचणं आहे.

आता गार्डचं सांगायला हवं.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं की गाड्यांवरचे असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाच्या विरुद्ध आहेत, कारवाई करा. अण्णांच्या दुकानातली निम्मी कामं महिनाभरात बंद झाली. मी त्या वेळी पुण्याहून फोन केला तेव्हा आमचं कडाक्याचं भांडण झालं. आमच्यातलं तेवढंच एक भांडण.

"दाजीपूरच्या रस्त्याला रातचा गवा आडवा आला म्हंजे? तुजा थर्माकोल गव्याला अडवनार हाय व्हय?"

त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. राधानगरीच्या जंगलातून रात्री गाडी हाकणाऱ्याला गव्याची भीती असते, आणि ती खरी आहे. मी म्हणाले की गाडीचं पुढचं तोंड चुरगळण्यासाठीच केलेलं असतं. ते चुरगळताना जो वेळ जातो त्यात आतला माणूस वाचतो. मर्सिडीजच्या बेला बॅरेन्यीनं १९५१ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. चेसिसला थेट धरलेला गार्ड त्या सगळ्या रचनेला वळसा घालून धक्का सरळ आत पोचवतो. एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरला धक्क्याचा आलेख वेगळाच दिसतो. बॅग उशिरा उघडू शकते किंवा भलत्या वेळी उघडू शकते. हे सगळं मी सांगितलं. पण मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. पोलादी पाइपाला लागलेला पाय थांबायला तीन इंच मिळत नाहीत, काही मिलिमीटर मिळतात. अंतर दहा पटींनी कमी तर झटका दहा पटींनी जास्त. सगळा मार दोन इंची पाइपाच्या एका रेषेत. आणि लहान मूल असेल तर तोच पाइप त्याच्या छातीशी असतो, कधी तोंडाशी. त्या किटलीवाल्या माणसाबद्दल मी फोनवर बोलले नाही. अण्णाही बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "गाडीवाल्यानं मागितलं, मी दिलं," आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी एकही गार्ड केला नाही. इतर काहींनी केले, अजून करतात. आता ते चकचकीत, बारीक पाइपांचे असतात आणि घरपोच मिळतात.

पोलाद मुळातच वाईट, असं मात्र मी कधी म्हणत नाही. हल्ली अण्णा ट्रक आणि ट्रेलरच्या मागची आडवी पट्टी करून देतात, ती पोलादीच हवी. मोटार मागून ट्रकवर आदळली तर तिचं नाक ट्रकच्या पोटाखाली घुसतं. चुरगळायचं तोंड, एअरबॅग सगळं वाया जातं आणि ट्रकचा फाळका थेट काचेशी येतो. २९ जून १९६७ ला अमेरिकेत जेन मॅन्सफील्ड ही अभिनेत्री अशाच अपघातात गेली. तिथं ट्रकमागच्या त्या पट्टीला आजही मॅन्सफील्ड बार म्हणतात. ही पट्टी जमिनीपासून ५५० मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे मोटारीचं नाक पट्टीला भेटतं आणि मोटार स्वतःच्या रचनेप्रमाणं चुरगळू शकते. अण्णा ती टेपनं दोनदा मोजतात. उसाच्या हंगामात रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्या पाहिल्या की ते स्कूटर थांबवून ट्रॅक्टरवाल्याला रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवून देतात. डिकीत त्यांच्याकडं त्याचं भेंडोळं असतं.

नव्या गाड्यांबद्दल लोक काय बोलतात ते मी ऐकत असते. "पूर्वीचा पत्रा बघा कसा होता, आता नुसतं प्लॅस्टिक, टिचकी मारली तर फुटतं." लग्नात, गाडीच्या शोरूममध्ये, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. प्रत्येक वेळी मला वाटतं की या माणसाला हाताला धरून बंपरपाशी न्यावं आणि त्याच्या मुलीला समोर उभं करावं. मागच्या वर्षी पुण्यात माझ्या मैत्रिणीची गाडी धडक लागल्यानंतर एका गॅरेजमधून दुरुस्त होऊन आली. बंपर नवा, रंग बेमालूम. मी वाकून खालून हात घातला तर आत फोम नव्हता. विचारलं तेव्हा कळलं की तुटला होता, नवा टाकायचा तर खर्च वाढतो, "तसंही बाहेरून दिसत नाही". मैत्रिणीचं फोमवाचून काही अडलं नाही. तिची गाडी आता रस्त्यावर फिरते आहे आणि ती ज्याच्या अंगावर जाईल त्याच्यासाठी ठेवलेले तीन इंच तिच्यात नाहीत. मी तिच्याशी वाद घालून तो फोम मागवायला लावला. दोन आठवडे लागले. बसवताना मी तिथं उभी होते.

गाड्या उंच होत चालल्या आहेत, ही दुसरी काळजी. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेनं २०२३ मध्ये दाखवलं की ज्यांच्या बॉनेटची कडा जमिनीपासून ४० इंचांहून उंच आहे अशा गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी जास्त असते. नाक उंच झालं की टांग बसत नाही. धक्का मांडीला, ओटीपोटाला लागतो आणि माणूस बॉनेटवर न पडता पुढं फेकला जातो. आपल्याकडं १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं, ते फार चांगलं झालं. लोक शोरूममध्ये तारे विचारू लागले. मोठ्यांसाठी ३२ गुण, मुलांसाठी ४९ गुण. हे सगळे गाडीत बसलेल्यांचे. बाहेरून चालणाऱ्याच्या नावाचा तारा मला त्या पाटीवर हवा आहे, आणि मी संधी मिळेल तिथं तो मागत असते.

तर दिवाळीच्या त्या दुपारी अण्णांनी विचारलं होतं, कुनाचा पाय.

"त्या किटलीवाल्याचा," मी म्हणाले.

अण्णा काही बोलले नाहीत. फोम त्यांच्या मांडीवर होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "नाव ईचाराय पायजे हुतं." मग पाटावरचे माझे आकडे पुन्हा वाचत बसले. वेल्डिंगनं त्यांचे डोळे अधू झालेत, पाट तिरका धरून वाचावा लागतो.

"ह्यो पाय तुमी सोडताय, त्यो कुनाच्या मापाचा?"

मी सांगितलं. चाचणीतला जुना नमुना १३.४ किलोचा, ९२६ मिलिमीटर लांब. तळापासून गुडघा ४९४ मिलिमीटरवर. जमिनीपासून तो २५ मिलिमीटर वर धरतात, पायताणाच्या तळव्याएवढा. मध्यम बांध्याच्या पुरुषाचा पाय.

"पुरुषाचा."

"हो."

अण्णा उठले. खुंटीवरच्या पिशवीतून टेप काढली, ट्रकची पट्टी मोजायची तीच. आत गेले. आई तळणीपाशी उभी होती, झारा हातात. अण्णा तिच्या पायाशी उकिडवे बसले, टेपचं टोक फरशीला टेकवलं आणि लुगडं जरासं बाजूला सारून गुडघ्याशी अंगठा लावला.

"अवो, काय चाललंय? तेल तापलंय," आई म्हणाली.

"हलू नगंस."

त्यांनी टेप माझ्याकडं वळवली. बेचाळीस सेंटिमीटर. पाटावरच्या ४९४ च्या खाली त्यांनी खडूनं ४२० लिहिलं, रेघ ओढली आणि वजाबाकी मांडली.

"आता हिचं सांग," ते म्हणाले. "हिच्या गुडघ्याला कुटं लागतंय तुजा फोम?"